गाडीची परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी

पाऊस ओसरला, दसरा-दिवाळी जवळ आली की महाराष्ट्रातल्या मोटारसायकली लांबच्या वाटेला लागतात. कुणी तळकोकणात जातो, कुणी गोव्याला, कुणी हंपी-बदामीला, कुणी नर्मदा परिक्रमेला. त्याच दिवसांत शोरूममध्येही गर्दी होते. गेल्या वर्षीच्या सफरीत कंबर धरलेली असते, हाताला मुंग्या आलेल्या असतात आणि यंदा ‘मोठी गाडी’ घ्यायचीच, असं घरात जाहीर झालेलं असतं.

गाडी बदलण्याचा विचार करणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. गाडी जरूर बदला. एक गाडी अंगाला बसली नाही म्हणून दुसरी घेतली, यात उधळपट्टी नाही आणि आधीच्या गाडीशी बेइमानीही नाही. पण आपण कशासाठी बदलतो आहोत हे कळल्याशिवाय बदलू नका. नाहीतर तीच कंबर पुढच्या दिवाळीत दुप्पट किमतीच्या गाडीवर दुखेल.

लांब पल्ल्याची गाडी पहिल्या दिवशी कळत नाही. पहिल्या दिवशी हुरूप असतो, रस्ता नवा असतो, सोबतीला मित्र असतात. तीनशे किलोमीटर कसे गेले ते समजत नाही. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होते. लॉजवर जाग आल्यावर मान वळते का, मुठी नीट मिटतात का, आणि मुख्य म्हणजे त्याच सीटवर पुन्हा बसावंसं वाटतं का? मनापासून ‘हो’ आलं तर ती गाडी तुमची. अंग ‘नको’ म्हणत असेल, तर ती गाडी कितीही देखणी, नावाजलेली आणि ताकदीची असो, तुमच्या लांबच्या प्रवासाची नाही.

हा नुसता आरामाचा प्रश्न नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. पाठ दुखत असलेला माणूस रस्त्याकडे कमी आणि पाठीकडे जास्त लक्ष देतो. ब्रेकवर बोटं जायला त्याला अर्धा सेकंद उशीर झाला, तरी ११ मीटर गेले. समोर आडवं आलेलं जनावर किंवा वळणावर उभा असलेला ट्रक तेवढी सवड देत नाही. म्हणून अंगाला बसणारी गाडी शोधणं हे हेल्मेट घालण्याइतकंच जबाबदारीचं काम समजा.

आधी दुखणं ओळखा

शोरूमची पायरी चढण्याआधी आत्ताच्या गाडीवर एक लांब फेरी मारा आणि कुठे, किती वेळाने, कोणत्या वेगाला दुखतं ते वहीत लिहा. प्रत्येक दुखण्याचं कारण वेगळं असतं आणि बरीच कारणं थोडक्यात मिटतात.

तळहाताला आणि बोटांना मुंग्या येत असतील तर कारणं सहसा तीन. एक, मूठ फार आवळून धरलेली असते. दोन, हँडल खाली किंवा लांब असल्यामुळे वरच्या अंगाचा भार मनगटांवर येतो. तीन, इंजिनची थरथर. तिसरं कारण ओळखायला सोपं आहे. वेग दहाने कमी करा. मुंग्या थांबल्या आणि आरशातलं धूसर चित्र स्पष्ट झालं, तर थरथर हेच कारण. मग इंजिनच्या माउंटिंगचे बोल्ट ढिले आहेत का, चेन कोरडी आहे का, हे मेकॅनिककडून बघून घ्या. एका सिलिंडरच्या मोठ्या इंजिनात थरथर स्वाभाविक असते. ती मारायला आतमध्ये बॅलन्सर शाफ्ट बसवतात. रॉयल एनफिल्डच्या जुन्या ३५० इंजिनात तो नव्हता, २०२० साली मिटिऑरबरोबर आलेल्या नव्या ३५० इंजिनात आहे. या दोन गाड्या बाहेरून एका घराण्याच्या दिसतात, पण दिवसभर चालवल्यावर हातांना त्यांतला फरक लगेच कळतो. सेकंडहँड घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

बूड दुखत असेल तर सीटचा फोम दाबून बघा. मऊ सीट शोरूममध्ये दहा मिनिटं छान वाटते. तासाभराने फोम दबतो आणि खालचा कडक पत्रा हाडांना लागायला लागतो. लांबच्या प्रवासाला थोडी घट्ट आणि रुंद सीट हवी. गावातल्या चांगल्या सीटवाल्याकडून फोम बदलून, बसायची जागा सपाट करून घेता येते. जाड शिवणीची घट्ट जीन्सही हेच दुखणं देते. आधी पँट बदलून बघा.

कंबर दुखत असेल तर मागचे शॉकअॅब्सॉर्बर बघा. त्यांचा ताठपणा आपल्या वजनाप्रमाणे कमी-जास्त करता येतो. सर्व्हिसिंगला दिलेली गाडी परत घेताना मेकॅनिकला आपलं वजन, मागे बसणाऱ्याचं वजन आणि सामान सांगून तो लावून घ्या. टायरमध्ये हवा जास्त असली तरी प्रत्येक खड्डा थेट मणक्यात येतो. किती हवा भरायची ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. एकट्यासाठीचा आकडा वेगळा, दोघांसाठीचा वेगळा.

गुडघे अवघडत असतील तर सीट आणि फूटरेस्ट यांतलं अंतर तुमच्या पायांना कमी पडतं आहे. उंच माणसाला अर्धा-एक इंच उंच सीटने बराच आराम पडतो. मान आणि खांदे दुखत असतील तर वाऱ्याकडे बघा. छातीवर वारा बसतो, तो सोसायला माणूस नकळत हँडल ओढून धरतो. पुढे काच लावावी, तर चुकीच्या उंचीची काच तोच वारा थेट हेल्मेटवर आदळवते आणि डोकं दिवसभर हलत राहतं. काचेची कड नजरेच्या थोडी खाली राहावी. हेल्मेट आयएसआय खुणेचंच हवं आणि घट्ट बसणारं हवं. सैल हेल्मेट वाऱ्यात डगमगतं आणि मानेला छळतं.

एक दुरुस्ती तर फुकट होते. गाडीवर बसा, हात सरळ करा आणि क्लच-ब्रेकच्या लिव्हरवर बोटं ठेवा. मनगट वर मुडपत असेल तर लिव्हरचा स्क्रू ढिला करून ती थोडी खाली फिरवा, म्हणजे हात, मनगट आणि बोटं एका रेषेत येतील. ब्रेकच्या पेडलची उंचीही अशीच लावून घेता येते. कंपनीतून गाडी सर्वांना चालेल अशा मापाने येते. ती आपल्या मापाची आपणच करून घ्यायची असते.

एवढं सगळं करून पुन्हा लांबची फेरी मारा. दुखणं गेलं तर पैसे वाचले, आता फिरायला जा. आणि तरीही त्याच जागी, त्याच वेळाने दुखत असेल, तर तुमची शरीरयष्टी आणि त्या गाडीची बांधणी जुळत नाही. गाडी बदलायचं हे खरं कारण. गाडीवरून उतरल्यावरही मुंग्या जात नसतील किंवा पायात कळ उतरत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांकडे जा, गाडीचं मग बघू.

तुमची खरी वाट कोणती?

गाडी घेताना माणूस लडाखचा विचार करतो आणि प्रत्यक्षात वर्षातून चार वेळा गावी जातो. लडाखचं स्वप्न जरूर असू द्या, पण गाडी गावच्या वाटेसाठी घ्या. गेल्या दोन वर्षांत आपण खरोखर कुठे गेलो, एकटे की दोघं, एका दिवसात किती अंतर, रस्ता कसा, हे कागदावर मांडा. त्या कागदावर जे जास्त वेळा आलं असेल, त्याच्यासाठी गाडी निवडा.

वेगाचंही खरं बोलू. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, समृद्धी महामार्गावर आहे, अटल सेतूवरही आहे. जिथे गाड्या सुसाट जातात तिथे आपल्याला प्रवेशच नाही. केंद्राच्या २०१८च्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी महामार्गावरही मोटारसायकलला ताशी ८० ही कमाल मर्यादा आहे आणि राज्य ती आणखी कमी करू शकतं. उरतात ते ताम्हिणी, वरंधा, आंबा, आंबोलीचे घाट, सागरी मार्गाचे अरुंद रस्ते आणि गावागावांतले गतिरोधक. इथे ताशी १४० जाणारं इंजिन उपयोगी पडत नाही. ताशी ७०-८० वर निवांत चालणारं, घाटात दोघांना घेऊन तिसऱ्या गिअरमध्ये न कुरकुरता चढणारं इंजिन उपयोगी पडतं. शिवाय वेग वाढवला की वाऱ्याशी झुंजायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. ऐंशीवरून शंभरवर गेलात तर ती जवळपास दुप्पट होते. ती ताकद पेट्रोलमधून येते आणि त्या वाऱ्याचा मार तुमच्या मानेवर बसतो.

टाकीचा हिशेबही याच कागदावर करा. १३ लिटरची टाकी आणि लिटरला ३० ॲव्हरेज म्हणजे कागदावर ३९० किलोमीटर. भरवशाचे तीनशे धरा. महाराष्ट्रात तेवढे पुरतात. मनाली-लेह रस्त्यावर तांदीच्या पंपाजवळ ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ असा फलक वर्षानुवर्षे प्रसिद्ध आहे. तिथे छोट्या टाकीबरोबर कॅन न्यावा लागतो. पण आयुष्यात एकदा कॅन बांधावा लागेल म्हणून रोज जड गाडी ढकलायची का, याचं उत्तर ज्याचं त्याने द्यावं.

कोणती गाडी अंगाला काय करते

गाड्यांची नावं पुष्कळ आहेत, बसण्याच्या तऱ्हा चारच.

पहिली तऱ्हा क्रूझरची. सीट खाली, पाय पुढे, हँडल हाताशी. मिटिऑरची सीट जमिनीपासून ७६५ मिलीमीटरवर आहे. बुटक्या माणसाचे दोन्ही पाय नीट टेकतात आणि आत्मविश्वास येतो. सपाट चांगल्या रस्त्यावर ही बैठक फार सुखाची. पण पाय पुढे असल्यामुळे सगळं वजन माकडहाडावर येतं आणि खड्डा आला तर पायांवर जोर देऊन उठता येत नाही. तुमची वाट खडबडीत असेल तर हा धक्का दिवसभर साठत जातो.

दुसरी तऱ्हा साध्या सरळ गाडीची. पाठ ताठ, पाय गुडघ्यांच्या खाली. आपल्या रोजच्या शंभर सीसी गाडीपासून क्लासिक ३५० आणि इंटरसेप्टर ६५० पर्यंत बऱ्याच गाड्या या घरातल्या. बहुतेकांच्या शरीराला ही बैठक मानवते. दोष एकच, वारा सगळा छातीवर. मध्यम वेगाने जाणाऱ्याला तोही फारसा जाणवत नाही.

तिसरी तऱ्हा पुढे झुकून बसण्याची. जोरात जाताना वारा छातीला आधार देतो, म्हणून ती बैठक तिथे शोभते. पण घाटात, गावात, टोलनाक्याच्या रांगेत तो आधार जातो आणि सगळं वजन मनगटांवर येतं. आपल्या रस्त्यांवर दिवसाचा मोठा भाग हळू चालण्यातच जातो, हे विसरू नका.

चौथी तऱ्हा ॲडव्हेंचर म्हणवणाऱ्या गाड्यांची. हिमालयन, एक्सपल्स, व्ही-स्ट्रॉम एसएक्स, ३९० ॲडव्हेंचर. हँडल रुंद आणि उंच, चाकाची हालचाल जास्त, खराब रस्ता आला की फूटरेस्टवर उभं राहता येतं. उभं राहिलं की धक्के गुडघे पचवतात आणि कंबर वाचते. महाराष्ट्रातल्या रस्त्यांचा विचार करता लांबच्या प्रवासाला ही तऱ्हा अनेकांना मानवते. अडचण उंचीची आहे. व्ही-स्ट्रॉम एसएक्सची सीट ८३५ मिलीमीटर, २०२० साली आलेल्या ३९० ॲडव्हेंचरची ८५५. साडेपाच फुटांच्या आतल्या माणसाला चढावर, चिखलात, सामानासकट थांबताना एकच पाय टेकवून गाडी सांभाळावी लागते. हिमालयन ४५० मध्ये सीटची उंची ८२५ आणि ८४५ अशी बदलता येते आणि वेगळी बुटकी सीट लावून ८०५ पर्यंत आणता येते. अशी सोय असलेली गाडी शोधा.

उंचीइतकंच वजन महत्त्वाचं. साधी शंभर सीसी गाडी सव्वाशे किलोच्या आत असते, एक्सपल्स २०० साधारण १६०च्या आसपास, क्लासिक आणि हिमालयन १९५च्या घरात, इंटरसेप्टर दोनशेच्या वर. चालत्या गाडीत हे वजन कळत नाही. दिवसाच्या शेवटी लॉजच्या उतरत्या आवारात गाडी मागे ढकलताना, दाभोळ-धोपावेच्या किंवा दिघी-आगरदांड्याच्या फेरीबोटीवर ओल्या रॅम्पवरून चढवताना कळतं. म्हणून माझा सल्ला असा, की आडवी पडलेली गाडी आपल्याला एकट्याने उभी करता येते का, हे घेण्याआधी ओळखीच्या माणसाला सोबत घेऊन, त्याच्या गाडीवर शिकून बघा. पाठ गाडीकडे, गुडघे वाकवून, जोर पायांचा. जमलं नाही तर हलकी गाडी बघा.

स्त्रियांना आणि साठीकडे झुकलेल्या मित्रांना विशेष सांगणं आहे. शोरूममधला माणूस ‘सवय होईल’ म्हणतो. सवय होते खरी, पण पाय न टेकण्याची भीती दर थांब्यावर मनाला थकवते. दोनशे सीसीच्या हलक्या गाडीवर देश फिरता येतो आणि लोक फिरतात. मोठ्या गाडीवरून लहान गाडीवर येणं ही पीछेहाट अजिबात नाही. अंग जसं बदलतं तशी गाडी बदलावी.

मागे बसणाऱ्याचं मतही घ्या. दोघांनी फिरणाऱ्यांची गाडी दोघांनीच निवडायला हवी. मागची सीट अरुंद आणि उतरती असेल, पाय फार वर येत असतील, धरायला नीट जागा नसेल, तर मागचं माणूस तासाभरात पुढे सरकतं आणि त्याचा भार तुमच्या पाठीवर येतो. तुमची कंबर दुखण्याचं कारण कधीकधी त्याची गैरसोय असते. सामानाची पेटी चाकाच्या फार मागे आणि जड भरलेली असेल तर पुढचं चाक हलकं पडतं आणि हँडल थरथरायला लागतं. जड वस्तू खाली, सीटच्या जवळ, दोन्ही बाजूंना सारख्या ठेवा.

बघण्यापेक्षा चालवा

शोरूमची टेस्ट राईड चौकाला वळसा घालून येते. तेवढ्यात गिअर कळतात, आवाज आवडतो, बाकी काही कळत नाही. व्हिडिओ पाहून तर त्याहून कमी कळतं, कारण तिथे बसलेली पाठ दुसऱ्याची असते. मनात असलेली गाडी निदान एक पूर्ण दिवस चालवल्याशिवाय पैसे भरू नका.

हे जमवणं आता अवघड राहिलेलं नाही. पुण्या-मुंबईत आणि गोव्यात गाड्या भाड्याने मिळतात. मात्र काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली, परवानाधारक गाडीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा नाकारला जाऊन नुकसान तुमच्या गळ्यात पडू शकतं. दोन दिवस गोव्याला जाणारच असाल तर समुद्रकिनारी फिरायला स्कूटर न घेता मनातली मोटारसायकल घ्या आणि तिच्यावर चोर्ला घाट चढून या. भाड्याचे दीड-दोन हजार जातील, पण दोन-तीन लाखांचा निर्णय नीट होईल.

मित्राची गाडी घेणार असाल तर आरसी, विमा, पीयूसी सगळं चालू आहे याची खात्री करा. विम्यातला मालक-चालकाचा अपघात विमा फक्त मालकापुरता असतो, हे दोघांनीही लक्षात घ्या. ओळखीची, आपल्या पायाखालची वाट निवडा, म्हणजे वाट शोधण्यात लक्ष न जाता ते गाडीकडे देता येईल. अष्टविनायकाची फेरी यासाठी फार चांगली आहे. मोरगाव, सिद्धटेक, थेऊर, रांजणगाव, ओझर, लेण्याद्री, महड, पाली. तीन जिल्हे, महामार्ग, घाट, गावरस्ते, देवळाजवळची गर्दी, सगळं त्यात येतं आणि मुक्काम करून जमतं. मुक्काम झाला की दुसऱ्या दिवशीची सकाळ आपोआप येते.

दर दीड-दोन तासांनी थांबा, पाणी प्या आणि वहीत दोन ओळी लिहा. कुठे दुखलं, कुठे बरं वाटलं, आरसे स्पष्ट दिसत होते का, रात्री दिवा पुरला का, पावसात किंवा खडीवर गाडी घाबरवत होती का. एकाच वाटेवर दोन-तीन गाड्या अशा चालवल्या की कोणाला विचारायची गरज उरत नाही.

व्यवहार आणि कागद

पसंती झाल्यावर पैशाचं बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी १८ टक्के आहे आणि त्यावरच्यांवर ४० टक्के. त्यामुळे ३५० आणि ४०० सीसीच्या गाड्यांच्या किमतींत मोठं अंतर पडतं. वाचलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट, जॅकेट, बूट, नवी सीट आणि एक मोठी सफर होते. विम्याचा हप्ता, टायरची किंमत आणि सर्व्हिसिंगचा खर्च आधीच विचारून घ्या. तुमच्या वाटेवरच्या गावांमध्ये त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे का, हेही बघा. तारेच्या चाकांत बहुधा ट्यूब असते; पंक्चर झालं तर चाक उतरवावं लागतं. अलॉय चाकाच्या ट्यूबलेस टायरचं पंक्चर रस्त्याकडेला, चाक न उतरवता निघतं. ज्याला एकट्याने फिरायचं आहे त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे. दोन्ही चाकांना डिस्क आणि एबीएस असलेली गाडी घ्या, तिथे काटकसर नको.

पहिल्यांदा बदलणाऱ्याला मी सेकंडहँड गाडी सुचवेन. पहिल्या मालकाने किमतीची मोठी घट सोसलेली असते. वर्षभर चालवून ती अंगाला बसली नाही, तर थोड्या तोट्यात विकून पुढे जाता येतं. घेताना चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा, थंड इंजिन स्वतः सुरू करा आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ते कुठे अडकत नाही ना ते पाहा. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, कर्ज असेल तर बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५. आपली गाडी विकताना तर हे काम घेणाऱ्यावर सोडू नका. राज्यातल्या व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कागदावर तुमचं नाव आहे तोवर त्या गाडीचा दंड आणि अपघात तुमच्या दारात येऊ शकतो. आणि जुन्या गाडीवर साठलेला नो क्लेम बोनस गाडीबरोबर देऊ नका. तो मालकाचा असतो. विमा कंपनीकडून पत्र घेऊन तो नव्या गाडीच्या विम्यात लावता येतो.

बदलल्यावर थोडा धीर

नवी गाडी आली की दुसऱ्याच आठवड्यात लांब निघू नका. पहिलं सर्व्हिसिंग होईपर्यंत इंजिनला सांभाळून घ्यायचं असतं आणि तुमच्या अंगालाही नवी बैठक शिकायची असते. आधी पन्नास किलोमीटर, मग दीडशे, मग मुक्कामाची फेरी. लिव्हर, सीट, शॉकअॅब्सॉर्बर, काच, सगळं पुन्हा आपल्या मापाने लावा. एक हंगाम द्या. त्यानंतरही दुसऱ्या सकाळी अंग कुरकुरत असेल, तर खुशाल पुन्हा बदला. दोन-तीन गाड्या करून आपली गाडी सापडणं यात काही गैर नाही. प्रत्येक गाडी तुम्हाला स्वतःच्या शरीराबद्दल काहीतरी सांगून जाते. ते लिहून ठेवलंत तर पुढची निवड सोपी होते.

शेवटचं मागणं रायडिंग ग्रुप चालवणाऱ्यांकडे आहे. वर्षातून एक रविवार गाड्या बदलून चालवण्यासाठी ठेवा. मोकळा, सुरक्षित रस्ता निवडा, सगळ्यांचे लायसन्स आणि विमे तपासा, आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या गाडीवर पुरेसा वेळ द्या. नवख्याला त्या दिवसात जे समजेल ते वर्षभराच्या चर्चेतून समजणार नाही. आणि लहान गाडीवर आलेल्याला हसू नका. तुमच्या एका टिंगलीमुळे कुणीतरी न पेलणारी गाडी कर्ज काढून घेतो आणि तिच्यावर भीत भीत फिरतो. ताफ्याचा वेग सर्वांत हळू गाडीच्या वेगाने ठरवा. सगळे एकत्र पोहोचतील.

या रविवारी एवढं करा: आपली आत्ताची गाडी घ्या, लिव्हर आणि टायरची हवा नीट लावा, वही खिशात ठेवा आणि दोनशे किलोमीटर जाऊन कुठेतरी मुक्काम करा. सोमवारी सकाळी अंगाला विचारा आणि जे उत्तर येईल ते लिहून घ्या. गाडी बदलायची की नाही, आणि बदलायची तर कोणत्या बाजूला, याचा निर्णय त्या उत्तरावर करा.